दिवस राहिले म्हणजे पीसीओडी संपलं असं नाही



मागच्या संवत्सरीला मी माझ्या भाचीला फोन केला. दरवर्षीसारखं 'मिच्छामि दुक्कडं' म्हणून ठेवून दिला नाही, कशाबद्दल क्षमा मागते आहे ते सांगितलं. तिला विचारूनच आज इथे लिहिते आहे, कारण ही चूक माझ्या एकटीची नाही. आपल्या बऱ्याच घरांत होते.

तिला सतराव्या वर्षापासून पीसीओडी. दोन-दोन महिने पाळी नाही, हनुवटीवर केस, वाढतं वजन. लग्नाचं बघायला लागलो तेव्हा बायोडेटा मी लिहिला. धाकटी बहीण म्हणाली, "ताई, तिच्या गोळ्यांचं काय?" मी म्हटलं, "कशाला बोलायचं? लग्नानंतर सगळं सुरळीत होतं." जालन्याला दिली. दीड वर्षात दिवस राहिले. आम्ही पेढे वाटले आणि तो विषय संपवून टाकला. मूल राहील की नाही, एवढाच या आजाराचा प्रश्न असतो असं मला वाटत होतं.

पहिल्या तपासणीला सासूबाई बरोबर होत्या. डॉक्टरांनी विचारलं, आधी काही त्रास होता का, काही गोळ्या चालू होत्या का? पोरीने सासूबाईंकडे पाहिलं आणि "नाही" म्हणाली. साखरेची तपासणी झाली ती थेट सातव्या महिन्यात आणि तेव्हा ती बरीच वाढलेली निघाली. पुढे बीपी चढलं. छत्तिसाव्या आठवड्यात सिझेरियन झालं. बाळाची साखर जन्मल्यावर एकदम खाली गेली आणि चार दिवस ते एनआयसीयूमध्ये होतं. भाची दुसऱ्या मजल्यावर, बाळ तळमजल्यावर. आता दोघंही छान आहेत. आधी सांगितलं असतं तर सगळं टळलंच असतं, असं कोणीही छातीठोकपणे म्हणणार नाही. पण साखर काही महिने आधी कळली असती, एवढं नक्की.

मग मी नीट समजून घेतलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मूल होण्याच्या वयातल्या पुष्कळ जणींना हा त्रास असतो आणि त्यातल्या कितीतरी जणींना तो आहे हेच माहीत नसतं. डॉक्टर त्याला पीसीओएस लिहितात. मुळात बिघाड फक्त अंडाशयात नसतो. पुष्कळ जणींच्या शरीराला इन्सुलिन नीट वापरता येत नाही, आणि दिवस राहिले म्हणून ते बदलत नाही. उलट गर्भारपणात प्रत्येकीच्याच शरीरात इन्सुलिनला विरोध वाढतो, त्यात हिची आधीचीच ओढाताण. म्हणून अशा मुलींना गर्भारपणातला मधुमेह, बीपी वाढणं, गर्भपात, वेळेआधी बाळंतपण यांची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. शक्यता हं, प्रत्येकीला होतंच असं नाही.

बाळाची साखर खाली का जाते, हे मला सगळ्यात उशिरा कळलं. आईच्या रक्तातली साखर वारेतून बाळाकडे जाते, आईचं इन्सुलिन जात नाही. म्हणून बाळ स्वतःच जास्त इन्सुलिन बनवायला लागतं. नाळ कापली की साखर बंद, पण इन्सुलिन तसंच चालू. म्हणून आईची साखर वाढलेली असेल तर जन्मल्यावर बाळाची साखर तपासत राहावी लागते आणि दूध लवकर पाजावं लागतं.

2023 साली पीसीओएसबद्दल जे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आलं, त्यात या बायकांचं गर्भारपण जोखमीचं धरा, असं स्पष्ट म्हटलं आहे. ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणी मूल हवं असं ठरवतानाच, नाहीतर पहिल्या भेटीत, आणि पुन्हा 24 ते 28 आठवड्यांत. आपल्याकडे सरकारी पद्धतीत 75 ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजतात आणि दोन तासांनी रक्त घेतात. आकडा 140 किंवा वर गेला की मधुमेह धरून उपचार सुरू. या तपासणीला उपाशीपोटीच जायला हवं असंही नाही. आमच्याकडे स्वयंपाकाला येणारी मुलगी दर महिन्याच्या 9 तारखेला इथल्या मिनी घाटीत मोफत तपासून येते. आपण गाडीतून जातो आणि अर्धी माहिती लपवतो.

आता आपल्या ताटाकडे येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचं सरासरी वजन 2.7 किलो, इंग्लंडच्या बाळांचं 3.5. पण या बारीक बाळांत चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. दोन तृतीयांश आयांना बी-12 कमी होतं. ज्यांचं फोलेट जास्त आणि बी-12 कमी होतं, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला विरोध सगळ्यात जास्त दिसला. आपण पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी. त्यात पीसीओडीसाठी मेटफॉर्मिन घेतलं असेल तर तेही बी-12 कमी करतं. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी सगळ्याच देतात, बी-12 तपासा असं आपणच म्हणावं लागतं. हे जीवनसत्त्व जिवाणूंच्या साहाय्याने तयार करतात, मांसातून काढत नाहीत. कॅप्सूलचं आवरण मात्र जिलेटिनचं असू शकतं, म्हणून गोळी मागा. मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद करायचं नाही आणि चालूही ठेवायचं नाही, डॉक्टरांना विचारायचं.

आणि चौविहार. सूर्यास्तापासून नवकारशीपर्यंत काही नाही, पाणीसुद्धा नाही. साखरेचा त्रास असलेल्या पोटुशीला हे अंतर फार मोठं होतं. माझ्या बहिणीला हे पटेना. मी तिला म्हटलं, पच्चक्खाणात आगार असतात ते उगीच नाहीत, महाराजसाहेबांना विचार. पर्युषणात दरवर्षी आपण कल्पसूत्र ऐकतो. त्यात त्रिशलामाता गर्भाला हितकर असं, ऋतूला धरून, फार थंड नाही, फार गरम नाही, असं खात होती, असंच वर्णन आहे. भगवान पोटात असताना तिने उपवास केल्याचं मी तरी कधी ऐकलं नाही.

बाळंतपणानंतरही सुटका नाही. सहा आठवड्यांनी साखर पुन्हा तपासायची असते, आणि आपण त्याच दिवसांत डिंकाचे लाडू भरवतो. सुंठ, डिंक ठीक आहे, गूळ किती घातला ते बघा.

राहिला प्रश्न सांगायचा. बायोडेटात छापा असं मी म्हणत नाही. पण मी बी.कॉम. आहे, संभाव्य देणं ताळेबंदाखालच्या टिपेत दाखवावंच लागतं. बोलणी पक्की होताना मुलाकडच्यांना तोंडी सांगा, आणि डॉक्टरांपासून तर काहीच लपवू नका. सासूबाई शेजारी असल्या तरी. भाचीच्या सासूबाई मला एनआयसीयूच्या बाहेर एवढंच म्हणाल्या, "मला सांगितलं असतं तर मी काय खाल्लं असतं का तिला?" मला उत्तर देता आलं नाही.

फोनवर भाची हसली. म्हणाली, "मावशी, क्षमा केली. आता माझ्या नणंदेचा बायोडेटा तूच लिही. तिलाही आहे."