मालडब्याचीही आठवण हवी

नागपूर-नागभीड ही अडीच फुटी रेल्वे रुंदीकरणासाठी २०१९ साली बंद झाली. नागपुरात मोतीबागेला अरुंदमापी रेल्वेचे संग्रहालय २००२ पासून आहे, हे भूषणावहच होय. परंतु प्रेक्षकांची दृष्टी वळते ती इंजिनाकडे. जंगलचा माल वाहणारा डबा मात्र उपेक्षितच राहतो.

यावर सुतारकामाचा एक उपाय आहे. ४५ मिलिमीटरच्या रुळांवर, सुमारे सतराव्या हिश्श्याने, या डब्याची प्रतिकृती हाताने घडविता येते. पातळ पट्ट्यांवर तारेचा ब्रश फिरवावा आणि लोखंडाचा कीस मुरविलेले व्हिनेगर लावावे, म्हणजे नव्या लाकडाला जुनी करडी छटा येते. हा पोरखेळ नव्हे. दाराशी झिजलेली फळी आणि बिजागरीखाली ओघळलेला गंज हमालाच्या श्रमाची साक्ष देतात; चकचकीत रंगात ती साक्ष पुसली जाते.

२०२३ साली बल्लारपूरच्या आगारातून अयोध्येच्या मंदिरासाठी सागवान गेले. चंद्रपूर-गडचिरोलीच्या शाळांना त्याच सागवानाचे चार तुकडे मिळणे अवघड नाही. माल चढविणारे हात हयात आहेत तोवर डब्यांची मापे व आठवणी टिपून घ्याव्यात. मागाहून केवळ हळहळ उरेल.