झोपेची गोळी: कोणती, आणि कुठवर?

ऑक्सफर्डच्या संशोधकांनी जुलै २०२२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रौढांच्या निद्रानाशावरील औषधांची मोठी तुलना प्रसिद्ध केली. १५४ डबल-ब्लाइंड चाचण्या, ४४ हजारांहून अधिक रुग्ण. गुण येणे आणि रुग्णाला सोसणे, दोन्ही पाहता एस्झोपिक्लोन आणि लेम्बोरेक्झन्ट वरचढ ठरली. मात्र एस्झोपिक्लोनच्या दुष्परिणामांकडे आणि लेम्बोरेक्झन्टच्या सुरक्षिततेविषयीच्या अपुऱ्या माहितीकडेही संशोधकांनी बोट दाखवले. मेलाटोनिनचा ठोस फायदा दिसला नाही.

यातील बहुतेक तुलना सुमारे चार आठवड्यांच्या उपचारांची आहे. तीन महिने वा अधिक काळाची माहिती मोजक्याच औषधांबाबत मिळाली. आपल्याकडे मात्र ‘अल्प्राझोलाम ०.२५, रात्री एक’ ही चिठ्ठी वर्षानुवर्षे चालते. रुग्ण साठीचा सत्तरीत जातो, गोळी तीच. रात्री लघवीला उठताना तोल जातो, खुब्याचे हाड मोडते, आणि केसपेपरवर त्या गोळीचा उल्लेखही नसतो. अल्प्राझोलाम आणि झोल्पिडेम शेड्यूल एच-१ मध्ये आहेत, म्हणजे विक्रीची नोंद औषध दुकानदाराने ठेवायची. पण गोळी थांबवायची कधी, हे ठरवणे आपलेच काम आहे.

म्हणून कोणती गोळी श्रेष्ठ, यापेक्षा ती किती दिवसांची, हा प्रश्न आम्हाला मोठा वाटतो. पहिल्या चिठ्ठीवरच बंद करण्याची तारीख लिहा. झोल्पिडेम देताना स्त्रियांचा डोस निम्मा ठेवा. अमेरिकेच्या एफडीएने २०१३ मध्येच १० ऐवजी ५ मिलिग्रॅम सुचवले, कारण स्त्रियांच्या रक्तातून ते सावकाश उतरते. झोपेत चालल्याचा प्रसंग एकदा जरी घडला, तरी ते पुन्हा देऊ नये.

जुनाट निद्रानाशात पहिला उपचार सीबीटी-आय (निद्रानाशासाठीची संज्ञानात्मक वर्तनोपचार पद्धती), हे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्येच स्पष्ट केले. तालुक्याच्या गावी प्रशिक्षित थेरपिस्ट कुठून आणायचा, ही अडचण खरी आहे. तरी उठण्याची वेळ रोज एकच ठेवणे आणि झोप येत नसेल तर अंथरूण सोडणे, एवढे सांगायला थेरपिस्ट लागत नाही.

वर्षानुवर्षे बेंझोडायझेपिन घेणाऱ्यांची गोळी एकदम तोडू नका. फिट येऊ शकते. दर दोन ते चार आठवड्यांनी पाच-दहा टक्के कमी करा. मधल्या काही रात्री झोप बिघडेल, हे रुग्णाला आणि घरच्यांना आधीच सांगा. नाहीतर तिसऱ्या दिवशी ते दुसऱ्या दवाखान्यातून तीच गोळी आणतील.