'गिफ्ट' : दान, विवाह आणि विष

इंग्रजीत 'गिफ्ट' म्हणजे भेट, जर्मनमध्ये विष. स्वीडिशमध्ये विष तर खरेच, शिवाय 'विवाहित' असेही विशेषण. भाषाविज्ञानाच्या वर्गात हे उदाहरण बहुधा गंमत म्हणून सांगून सोडून दिले जाते, ते योग्य नव्हे. तिन्ही अर्थ 'देणे' या एकाच जर्मानिक धातूतून निघाले आहेत. विवाहाचा अर्थ कन्या देण्याच्या व्यवहारातला. प्राचीन इंग्रजीत हा शब्द वधूमूल्याचा वाचक होता, आणि जर्मन 'मिटगिफ्ट' म्हणजे आजही हुंडाच. (इंग्रजीतील आजचा 'ग' हा उच्चार मात्र स्कँडिनेव्हियन भाषेची देणगी!)

विषाचा अर्थ अधिक विचारणीय आहे. ग्रीक 'डोसिस' म्हणजे देणे, आणि त्यावरून औषधाची मात्रा. लॅटिनमार्गे आलेल्या या वैद्यकीय संज्ञेचे 'गिफ्ट' हे शब्दशः भाषांतर होय, असे सामान्यतः मानले जाते. मार्सेल मॉस याला हे मान्य नव्हते. १९२४ च्या टिपणात त्याने दान आणि विष यांचे नाते प्राचीन जर्मानिक समाजाच्या दानव्यवहारातच शोधले होते. विद्वानांची संज्ञा लोकव्यवहारातील वस्तूला चिकटणे हा अर्थपरिवर्तनाचा नेहमीचा नियम नव्हे, असा आक्षेप त्याने १९२५ च्या दानविषयक निबंधात तळटीपेत नोंदविला. हा आक्षेप टिकणारा नाही. त्याच 'डोसिस'पासून आलेला 'डोस' मराठीत दवाखान्यातून घरोघर पोहोचला आणि उपदेशाचेही डोस पाजले जाऊ लागले. मॉसचा दुसरा प्रश्न मात्र डावलता येत नाही : विषाचा अर्थ रुजल्यावर जर्मनने 'भेट' हा मूळचा अर्थ का टाकून दिला?