उंच खेळाडू, तोकडे निवृत्तिवेतन

खेळाच्या इतिहासात विजेत्यांची नावे आदराने नोंदविली जातात. परंतु ज्यांच्या कर्तृत्वावर त्या खेळाचा व्यवसाय उभा राहतो, त्यांचे देणे चुकते करण्याची तत्परता क्वचितच दिसते. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे पहिले मोठे तारे जॉर्ज मायकन यांची जीवनकथा या दृष्टीने विचार करावयास लावणारी आहे.

मायकन यांचा जन्म १९२४ सालचा, इलिनॉय राज्यातील जोलिएट या गावचा. उंची सहा फूट दहा इंच आणि डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा. एवढा उंच माणूस अवजड व बेढबच असणार, चपळाईच्या या खेळात त्याचा काय उपयोग, असा त्या काळी समज होता. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील प्रशिक्षक रे मेयर यांनी तो मानला नाही. दोरीवरच्या उड्या, मुष्टियुद्धाचा सराव, इतकेच नव्हे तर नृत्याचे धडे देऊन त्यांनी या तरुणाला घडविले. पुढे १९४७ ते १९५४ या आठ हंगामांत मायकन यांच्या संघांनी सात अजिंक्यपदे मिळविली. त्यांपैकी सहा मिनिआपोलिस लेकर्सची. १९४९ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनबाहेरील फलकावर लेकर्सचे नावच नव्हते. ‘जॉर्ज मायकन विरुद्ध निक्स’ एवढाच मजकूर होता. नवजात व्यावसायिक खेळाला प्रेक्षक कोण मिळवून देत होते, हे यावरून स्पष्ट व्हावे.

त्यांना आवरण्यासाठी खेळाचे नियमही बदलावे लागले. बास्केटखालच्या ज्या पट्ट्यात आक्रमक खेळाडूला तीन सेकंदांहून अधिक थांबता येत नाही, त्याची रुंदी १९५१ साली सहा फुटांवरून बारा फूट करण्यात आली. १९५० च्या नोव्हेंबरात फोर्ट वेन संघाने चेंडू नुसता हातात धरून वेळ काढला आणि लेकर्सला १९–१८ असे हरविले. लेकर्सच्या त्या अठरा गुणांपैकी पंधरा एकट्या मायकन यांचे होते. अशा कंटाळवाण्या डावपेचांना आळा घालण्यासाठी १९५४ साली चोवीस सेकंदांचा नियम आला.

मात्र मैदानावर जी तत्परता दिसली, ती हिशेबाच्या वहीत दिसली नाही. १९६५ पूर्वी निवृत्त झालेल्या खेळाडूंना नंतरच्यांच्या मानाने फारच अल्प निवृत्तिवेतन मिळे. मायकन यांच्या वाट्याला महिना सुमारे १,७०० डॉलर येत. मधुमेह व मूत्रपिंडाच्या विकाराने ते जर्जर झाले, २००० साली त्यांचा एक पाय कापावा लागला. तरीही जुन्या सहकाऱ्यांच्या न्याय्य हक्कासाठी ते झगडत राहिले. १ जून २००५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा अंत्यविधीचा खर्च शकील ओ’नील या कोट्यधीश खेळाडूने उचलला.

ओ’नील यांची कृतज्ञता निःसंशय स्तुत्य होती. परंतु जे संस्थेचे कर्तव्य, ते एका व्यक्तीच्या औदार्यावर सोडणे शोभादायक नव्हे. त्या काळी तसा करारच नव्हता, असे समर्थन यावर केले जाईल. कायद्याच्या दृष्टीने ते खरेही असेल. तथापि एका खेळाडूला रोखण्यासाठी ज्या संघटनेला मैदान नव्याने आखता आले, तिला त्याच्या म्हातारपणासाठी एक तारखेची मर्यादा बदलता येऊ नये, हे पटणारे नाही. निवृत्तिवेतन ही खिरापत नव्हे. केलेल्या कामाचा तो उशिरा दिलेला मोबदला आहे. पाया घालणाऱ्यांना तो नाकारून कळसाला सोने चढविणारी संस्था श्रीमंत ठरेल, कृतज्ञ मात्र ठरणार नाही.