घरातला समुद्र

पानिपतहून आमच्याकडे एक पत्र आले आहे. पत्रलेखक नोकरीनिमित्त तिकडे स्थायिक झालेले मराठी गृहस्थ आहेत. काला अंब येथील स्मारकाच्या वाटेवर त्यांनी नवे घर बांधावयास घेतले आहे. दिवाणखान्यात सहा फूट लांबीचे खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय असावे आणि त्यात प्रवाळांची बाग फुलावी, असा त्यांच्या धाकट्या कन्येचा हट्ट आहे. एका विक्रेत्याने समुद्रातून काढलेले जिवंत प्रवाळ घरपोच देण्याची तयारी दाखविली आहे. "काय करावे ते कळवा," असे त्यांनी विचारले आहे. हा प्रश्न अनेक घरांतून आता निघू लागला आहे, म्हणून त्याचे उत्तर या सदरातून देत आहोत. प्रवाळांचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. परंतु तो नीट कळावा यासाठी आधी टाकीचा विचार करू.

काला अंबच्या परिसरात राहणाऱ्या मराठी माणसाला रसदेचे महत्त्व निराळे सांगावयास नको. १४ जानेवारी १७६१ च्या लढाईपूर्वी कित्येक आठवडे मराठ्यांच्या छावणीची रसद तुटली होती, आणि अखेरच्या दिवशी सैन्य उपाशीपोटी रणांगणात उतरले. पानिपतातील समुद्री मत्स्यालयाची स्थितीही तशीच नाजूक असते. खरा समुद्र तेथून सुमारे हजार किलोमीटर दूर आहे. पाणी, मीठ, उष्णता, गारवा आणि प्राणवायू या साऱ्यांचा पुरवठा माणसालाच करावा लागतो. त्यांपैकी एकही तुटला, तर आतले जीव तग धरीत नाहीत.

पहिला विचार वजनाचा. १८० सेंटिमीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद व उंच अशा टाकीत काठोकाठ ६४८ लिटर पाणी मावते. काठाखाली थोडी जागा सोडली तरी सहाशे लिटर पाणी राहतेच. समुद्राचे पाणी गोड्या पाण्याहून किंचित जड असते. त्यात काच, दगड आणि खालचा चौरंग यांचे वजन मिळविले, म्हणजे एकूण भार नऊशे किलोच्या आसपास जातो, आणि तोही एक चौरस मीटरभर जागेवर. आपल्याकडे राहत्या घराच्या जमिनीसाठी दर चौरस मीटरला सुमारे दोनशे किलो भार धरून आराखडा करण्याची रीत आहे. तेव्हा अशी टाकी ठेवावयाची ती तळमजल्यावरच ठेवावी. वरच्या मजल्यावर हवीच असेल, तर गवंड्याच्या भरवशावर न राहता अभियंत्याला विचारावे. घर अजून बांधले जात आहे, ही पत्रलेखकांची मोठी सोय आहे. टाकीजवळ पाण्याचा नळ, सांडपाण्याची मोरी आणि विजेची स्वतंत्र जोडणी आताच करून घ्यावी. मागाहून भिंत फोडण्याचा त्रास वाचेल.

दुसरा विचार पाण्याचा. कूपनलिकेचे जड पाणी येथे चालत नाही. त्यातील क्षार, नायट्रेट आणि धातूंचे अंश समुद्री जीवांना घातक ठरतात. शुद्धीकरण यंत्रातून काढलेल्या पाण्यात दर लिटरला सुमारे ३५ ग्रॅम या प्रमाणात खास समुद्री मीठ मिसळावे लागते. सहाशे लिटरला सुमारे एकवीस किलो मीठ लागले. स्वयंपाकघरातील मीठ यासाठी निरुपयोगी आहे. समुद्राच्या पाण्यात सोडियमखेरीज मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम इत्यादी अनेक द्रव्ये ठरलेल्या प्रमाणात असतात, आणि त्या प्रमाणावरच तेथील जीवन उभे आहे.

येथे आमची एक चूक सांगून टाकतो. काही वर्षांपूर्वी दिल्लीच्या आमच्या बिऱ्हाडात अशीच एक छोटी टाकी होती. उन्हाळ्यात पाणी आटे, आणि आम्ही ती तूट मिठाच्या पाण्यानेच भरून काढीत असू. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही, ही शाळेतील गोष्ट आम्ही विसरलो होतो. तीन आठवड्यांत पाणी इतके खारट झाले की मासे एकेक करून तळाशी बसले. दोष सर्वस्वी आमचा होता. आटलेल्या पाण्याची भरपाई नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याने करावी. मिठाचे पाणी घालावयाचे ते केवळ जुने पाणी काढून बदलताना.

तिसरा विचार तापमानाचा. समुद्री माशांना पंचवीस-सव्वीस अंशांचे स्थिर पाणी मानवते. पानिपतात उन्हाळ्यात पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो आणि पौषात रात्री तो चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. म्हणजे पाणी गार करणारे आणि गरम करणारे अशी दोन्ही यंत्रे बाळगावी लागतात. वीज गेली की पाणी फिरणे थांबते आणि त्यातील प्राणवायू घटू लागतो. यासाठी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात हवाच. या साऱ्याचे विजेचे बिल दरमहा येणार आहे, हे टाकीची किंमत विचारतानाच ध्यानात घ्यावे.

चौथा विचार धीराचा. टाकी भरल्या दिवशी त्यात मासे सोडू नयेत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निर्माण होतो, आणि तो विषारी असतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्या नायट्राइटचे बरेच कमी घातक असे नायट्रेट करतात. हे जिवाणू दगडांवर आणि वाळूत वस्ती करावयास साधारणपणे चार ते सहा आठवडे घेतात. तोपर्यंत टाकी रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते.

आता प्रवाळांविषयी. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ सालचा आहे. २००१ साली त्याच्या पहिल्या अनुसूचीत भित्ती बांधणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे यांचा समावेश झाला. वाघाला जे संरक्षण आहे, तेच या जीवांना आहे. आपल्या समुद्रातून ते काढणे, विकणे आणि बाळगणे हा गुन्हा ठरतो. तेव्हा त्या विक्रेत्याला स्पष्ट नकार द्यावा, असेच आमचे सांगणे आहे.

परंतु केवळ कायद्याच्या भीतीने नकार द्यावा, असे आम्हांस वाटत नाही. या छंदाचा इतिहासच पुरेसा बोलका आहे. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात पहिले सार्वजनिक मत्स्यालय उघडले. त्यामागे फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाचे परिश्रम होते. त्याच्या पुस्तकांनी घरोघरी काचेच्या टाक्या नेल्या आणि हौशी लोकांच्या झुंडी किनाऱ्यावर लोटल्या. पुढे १९०७ साली त्याचा मुलगा एडमंड याने आपल्या आठवणींत खेदाने नमूद केले की, त्याने बालपणी वडिलांबरोबर पाहिलेली खडकांतील जिवंत कुंडे संग्राहकांनी पार ओरबाडून टाकली होती. कौतुकापोटी सुरू झालेल्या छंदानेच किनारा उजाड केला.

आजच्या प्रवाळांवर तर दुहेरी संकट आहे. प्रवाळाच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते आणि त्याला अन्न व रंग देते. नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा पाणी एखाद्या अंशाने जरी अधिक तापले आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तरी ते शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा पडून पुष्कळदा मरतो. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षी लक्षद्वीपच्या भित्तींनी हे सोसले आहे. अशा जिवाला पार्सलात बांधून उत्तर हिंदुस्थानातील उन्हाळ्यात आणणे हे प्रेम नव्हे.

मग त्या मुलीची निराशा करावी काय? मुळीच नाही. भाजलेल्या मातीचे सच्छिद्र खडक रचून सुंदर कपारी करता येतात, आणि जिवाणूंना त्याही चालतात. मासे घ्यावयाचे ते पैदास केंद्रांतील घ्यावेत. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांच्या विदूषक माशांची टाकीतच पैदास करण्याचे तंत्र सिद्ध केले आहे. विदूषकांची एक जोडी आणि दोन-चार लहान मासे एवढ्यावर आरंभ करावा. खरेदी करताना मासे पैदास केंद्रातील असल्याचा कागद मागावा. दुकानदार तो दाखवू शकत नसेल, तर दुसरीकडे जावे.

आणि खरे प्रवाळ तिला त्यांच्या घरी जाऊन पाहू द्यावेत. १९५१ साली मुंबईत मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय उघडले, तेव्हापासून कित्येक पिढ्यांनी समुद्राची पहिली ओळख काचेपलीकडून करून घेतली. काचेची गोडी खरी, पण काचेविनाही समुद्र पाहता येतो. मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या पाण्यात प्रवाळ आहेत, आणि तो टापू १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. कच्छच्या आखातात नरारा येथे ओहोटीच्या वेळी गुडघाभर पाण्यातून चालत ते पाहता येतात. मात्र पाय जपून टाकावा आणि हात लावू नये.

पत्रलेखकांस आमची एवढीच सूचना आहे की, टाकी भरल्यावर पहिले सहा आठवडे कन्येच्या हाती एक वही द्यावी. तापमान, क्षारता आणि अमोनिया यांची नोंद तिने रोज करावी. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येतील त्या दिवशी पहिला मासा आणावा, आणि तो तिनेच टाकीत सोडावा.