दाढ काढायची म्हणून गोळी बंद?

मागच्या महिन्यात माहेरी गेले, तेव्हा अब्बांच्या उशाशी गोळ्यांची स्ट्रिप दिसली. तीन दिवसांच्या गोळ्या तशाच. विचारलं तर म्हणाले, "दाढ काढायची आहे ना बेटा, रक्त थांबणार नाही म्हणून बंद केल्यात." सल्ला कोणाचा? शेजारच्या चाचांचा. रमजानच्या आधी दाढेतून मोकळं व्हायची अब्बांना घाई होती. आणि त्यांना स्टेंट बसवून जेमतेम पाच महिने झाले होते!

मी शिक्षिका आहे, डॉक्टर नाही. लगेच त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना फोन लावला. ते आधी रागावले, गोळ्या आजच सुरू करा म्हणाले, मग नीट समजावलं.

स्टेंट म्हणजे रक्तवाहिनीत बसवलेली बारीक जाळी. तिच्यावर आतून अस्तर धरेपर्यंत तिथे रक्त गोठण्याची भीती जास्त असते. म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी, अशा दोन्ही बहुधा सहा महिने ते वर्षभर देतात. मध्येच सोडल्या तर गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो. दाढेच्या जागेतून रक्त जरा जास्त वेळ येईल, पण बोळा दाबून धरून, टाका घालून ते थांबवता येतं. हृदयातल्या गुठळीला बोळा लावता येत नाही. काम थांबण्यासारखं असेल तर पुढे ढकलतात. नसेल तर गोळी चालू ठेवूनच दाढ काढतात.

कृत्रिम झडप बसवलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. ते वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम घेतात. त्यांनी आदल्या दिवशी आयएनआर ही रक्ताची तपासणी करून रिपोर्ट दातांच्या डॉक्टरांना दाखवायचा. शिवाय हिरडीतून रक्तात गेलेले जंतू झडपेवर बसू नयेत म्हणून दाढ काढण्यापूर्वी अर्धा ते एक तास अँटिबायोटिकचा एकच मोठा डोस देतात. मोठ्या माणसाला सहसा अमॉक्सिसिलिन 2 ग्रॅम. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर आधीच सांगा, औषध बदलतात. पूर्वी हा डोस बऱ्याच हृदयरुग्णांना देत. 2007 साली अमेरिकन हार्ट असोसिएशनने यादी छोटी केली: कृत्रिम झडप, पूर्वी हृदयाच्या आतल्या अस्तराला झालेला जंतुसंसर्ग, काही जन्मजात दोष. नुसत्या स्टेंटसाठी किंवा बायपाससाठी तो लागत नाही.

आणखी एक सवय आपल्या घराघरांत आहे. दात ठणकला की मेडिकलमधून "दातदुखीची गोळी" आणायची. त्यात बहुतेक वेळा डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन असतं, आणि हृदयरुग्णाला ते चांगलं नाही. दातासाठी सर्रास मिळणारं मेट्रोनिडाझोल तर वॉरफरिनचा परिणाम वाढवतं. डॉक्टरांची भेट होईपर्यंत पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरं.

आणि चालताना खालचा जबडा दुखतो, बसलं की थांबतो, असं असेल तर दातांच्या दवाखान्यात जाऊ नका. ते दुखणं हृदयाचं असू शकतं.

अब्बांच्या दाढेत पू झाला होता, त्यामुळे थांबता येत नव्हतं. दोन्ही डॉक्टर एकमेकांशी पाच मिनिटं फोनवर बोलले. सकाळची वेळ ठरली. अब्बा नाश्ता करून, रोजच्या गोळ्या घेऊन गेले. खुर्ची अर्धवट तिरपी ठेवली, एकच दाढ काढली, दोन टाके घातले आणि रक्त पूर्ण थांबेपर्यंत तिथेच बसवून ठेवलं. घरी आल्यावर त्यांचा पहिला प्रश्न, "सुपारी कधीपासून खाऊ?" अम्मीने डबाच उचलून कपाटात टाकला.