साम्राज्यवाद ओळखावा तहाच्या कलमांतून

१/ १७ नोव्हेंबर १८१७ रोजी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. पुण्याचे स्वातंत्र्य मात्र १५ वर्षे आधीच गेले होते.

२/ ३१ डिसेंबर १८०२ रोजी, वसईच्या तहाने, दुसऱ्या बाजीरावाने कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. तिच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख तोडून दिला आणि कंपनीला विचारल्याविना परराज्यांशी बोलणी करण्याचा अधिकार सोडला. गादी पेशव्यांचीच राहिली.

३/ साम्राज्यवाद ओळखण्याचे प्रश्न हेच: फौज कोणाची, खर्च कोणाचा, निर्णय कोणाचा?

४/ हेच प्रश्न नागपूरकर भोसल्यांनी १७५१ मध्ये बंगालवर बसवलेल्या १२ लाखांच्या चौथाईलाही विचारावेत. पैसा नागपूरला जाई, कारभार मुर्शिदाबादेत राही. म्हणून उत्तर वेगळे येईल. परंतु जो निकष स्वकीयांपाशी येऊन थांबतो, तो पक्षपातच ठरतो.